रानडुक्कर, परवाना आणि घरातली बंदूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडच्या ज्या गावांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, जंगलाला लागून आहे, तिथल्या ग्रामसभेत एक मागणी हमखास येते : आम्हाला बंदुकीचे परवाने द्या. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, घरची शेतीही आहे. ही मागणी घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि त्यांचा संताप मला परका नाही. बोलता बोलता जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघाले त्यांची उत्तरं इथे देतो. कायदा जसा आहे तसा सांगितला आहे. माझं मत जिथे आहे तिथे ते माझं म्हणूनच वाचावं.

डुकरं एका रात्रीत चण्याचं वावर उलथून टाकतात. मग कास्तकाराला सरकार बंदूक का देत नाही?

कायद्याने दार बंद केलेलं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायची बंदूक, हवी असेल तर परवाना देण्याची तरतूद आहे. तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. शेत थोडं आहे, घर मातीचं आहे, पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही, असं कलम १४ सांगतं. ही ओळ मी मुद्दाम लिहितो, कारण गरिबाला बंदूक मिळतच नाही हा समज गावोगाव आहे.

मग अर्ज का रखडतात? पोलिसांचा चौकशी अहवाल, वनविभागाचं म्हणणं, जिल्ह्याची परिस्थिती हे सगळं जमून यावं लागतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात गावातली बंदूक उद्या कोणाच्या हातात जाईल, ही धास्ती प्रशासनाने वर्षानुवर्षे बाळगली, आणि ती काही उगाच नव्हती.

परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायला मोकळे, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. पहिला शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकारी देतात. दुसरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली वनविभाग देतो. रानडुक्कर आता या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश काढून मारण्याची परवानगी देऊ शकतो. रोह्याच्या, म्हणजे नीलगायीच्या, बाबतीतही परवानगीशिवाय गोळी झाडता येत नाही. हा कागद हातात नसताना परवान्याच्या बंदुकीने डुक्कर पाडलं, तर वन गुन्हा दाखल होतो आणि शस्त्र परवानाही जाण्याची वेळ येते.

अर्ज कुठे करायचा?

ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. नागपूर, अमरावती शहरांत पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं बंदूक घेता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण आणि घरी ती नीट कुलपात ठेवण्याची हमी, दोन्ही लागतं. परवान्याची नोंद देशपातळीवरच्या संगणकीय यादीत होऊन एक विशिष्ट क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

अर्ज फेटाळला तर?

कारण लेखी मागा. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल तर ते देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करता येतं. मुदत निघून जाऊ देऊ नका.

ठासणीच्या बंदुकीने पीक खरंच वाचतं का?

ज्यांनी ती कधी हातात धरलेली नाही तेच या प्रश्नाला पटकन हो म्हणतात. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, चिंधी घालून गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, आणि मागच्या बाजूला टोपी बसवायची. एवढं करून एक बार होतो. दव पडलं, दारू दमट झाली की नुसतीच फुस्स होते. डुकरं येतात ती कळपाने, अंधारात, तुरीच्या कमरेएवढ्या ओळींतून. एका बाराने एखादं पडेल, बाकीची धुऱ्यापलीकडे पळतील आणि दोन दिवसांनी शेजाऱ्याच्या वावरातून परत तुमच्याकडे येतील. जखमी डुक्कर तर सकाळी पऱ्हाटी वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर जातं.

अंधारात हलणारं काहीतरी दिसलं आणि बार काढला, ही गोष्ट जागलीवर बसणाऱ्या प्रत्येकाला समजते. ते हलणारं काय आहे, हे मात्र बार सुटल्यावर कळतं. पलीकडच्या वावरातही कोणीतरी जागलीवर असतो. त्याच्या हातात बॅटरी असेलच असं नाही. आपल्याकडच्या शेतांचे तुकडे लहान, धुरे अरुंद, आणि पीक जोमात असताना माणूस दहा हातांवरूनही दिसत नाही. म्हणून कळप पळवायला मोठा आवाज हवा असेल तर बंदुकीशिवायही तो काढता येतो, असं माझं म्हणणं आहे. कळपच कमी करायचा असेल तर ते काम वनविभागाने, प्रशिक्षित माणसांकडून, दिवस ठरवून आणि गावाला आधी कळवून करायचं आहे.

आणि वाघ? वाघासमोर तरी बंदूक हवी की नको?

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने वन्यप्राणी मारला किंवा जखमी झाला, तर तो गुन्हा नाही, असं वन्यजीव कायद्याचं कलम ११(२) म्हणतं. पण हे संरक्षण त्या क्षणापुरतं आहे. माग काढत जाऊन मारणं त्यात बसत नाही, आणि त्या वेळी तुम्ही स्वतःच हा कायदा मोडत असाल तरीही बसत नाही.

राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-१ वाघीण आठवा. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतरही शोध आठवडेच्या आठवडे चालला, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली तेव्हा कार्यपद्धती पाळली गेली नाही यावरून मोठा वाद उठला. सरकारी आदेश, नेमबाज, पशुवैद्यक, कॅमेरे हाताशी असूनही हे काम एवढं अवघड गेलं. तेंदूपत्ता तोडायला किंवा मोहफूल वेचायला पहाटे निघालेल्या माणसावर वाघ मागून येतो. खांद्याला बंदूक अडकवलेली असली तरी ती हातात घ्यायला वेळ मिळत नाही. या मृत्यूंचं दुःख मी लहान करत नाही. त्या मोहल्ल्यांतले लोक माझे पक्षकार आहेत. उपाय म्हणून बंदूक तिथे उपयोगी पडत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

आमच्या गावात जुन्या भरमार, म्हणजे ठासणीच्या गावठी बंदुका, आहेतच. कोणाला त्रास नाही. मग काय बिघडलं?

विनापरवाना बंदूक नुसती जवळ सापडली तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद होऊ शकते. बेकायदा बनवणं किंवा विकणं याला किमान सात वर्षं, आणि जन्मठेपेपर्यंत. आजोबांच्या काळापासून आडव्याला टांगलेली आहे, हा बचाव कोर्टात टिकत नाही.

गडचिरोलीत अनेक गावांनी आपल्या भरमार बंदुका स्वतःहून पोलिसांकडे जमा केल्या आहेत, आणि मला त्या गावांचा अभिमान वाटतो. तिथे एका बाजूला माओवाद्यांचं सशस्त्र दलम, दुसऱ्या बाजूला पोलीस, आणि मधल्या माणसाच्या घरातली शिकारीची बंदूक दोघांच्याही डोळ्यात. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. असं असताना गावातली शेवटची भरमार आतल्या खोलीत का ठेवायची?

जमा करायची असेल तर एकट्याने बंदूक घेऊन ठाण्याकडे निघू नका. वाटेत नाकाबंदीत सापडलात तर सांगणं कठीण जाईल. पोलीस पाटलाला आधी सांगा, त्यांच्याकरवी ठाण्याला कळवा, शक्य असेल तर वकील सोबत घ्या आणि जमा केल्याची पावती घ्या.

गुंडांकडे कट्टे असतात. सज्जन माणसाने तेवढं हात बांधून बसायचं?

हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही तसंच देतो. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतांश हत्यारं विनापरवाना असतात, हे खरं आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका आहेत आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याची नोंदच नाही. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी आपल्या सीमेला लागून आहे. तिथले गावठी कट्टे महाराष्ट्रातल्या शहरांत पकडले जातात, हे बातम्यांत वाचतोच.

परवान्यावर बोट ठेवणारे इथूनच युक्तिवाद सुरू करतात : कायदा सज्जनाला अडवतो, गुंडाला नाही. अर्धी गोष्ट बरोबर आहे. पण कट्ट्याचा धंदा रोखणं हे पोलिसांचं काम आहे आणि ते ढिलं पडलं म्हणून प्रत्येक घरात बंदूक आली तर काय होईल, ते धुऱ्याच्या भांडणांवरून ओळखावं. माझ्याकडे येणाऱ्या फौजदारी प्रकरणांत धुरा, पाट, रस्ता आणि भाऊबंदकी यांचाच भरणा आहे. त्या भांडणात आज काठी निघते, कुऱ्हाड निघते, कधी एखादा मरतोही, पण बहुतेक वेळा माणसं टाके घालून घरी येतात आणि पोळ्याच्या तोरणाखाली पुन्हा एकमेकांशेजारी बैल उभे करतात. त्याच भांडणात दुनळी असती तर दोन्ही घरं कायमची बसली असती.

स्वसंरक्षणाचा हक्क बंदुकीवर अवलंबून नाही. भारतीय न्याय संहितेतल्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे आणि तो काठी हातात असलेल्यालाही मिळतो. सज्जनाचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करावाच लागतो. दूरच्या पाड्यावर पोलीस यायला फार वेळ लागतो. ११२ ला फोन लावायला आधी नेटवर्क हवं. त्यासाठी टॉवर, रस्ता आणि बीटवरचा माणूस मागायला हवा, आणि लोक बंदूक मागतात तेवढ्याच मोठ्या आवाजात मी ही मागणी करतो.

अमेरिकेत तर कोणीही बंदूक ठेवतो म्हणतात. तिथलं काय?

तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आणि २००८ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निकाल दिला. वरच्याच अंदाजानुसार तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डी गावात १९ मुलं आणि २ शिक्षिका. तरीही तिथला वाद मिटत नाही, कारण दूरच्या गावात राहणारा, सरकारवर भरवसा नसणारा माणूस बंदुकीला आपल्या स्वातंत्र्याचा भाग मानतो. त्याची भीती खोटी नाही. पण त्या भीतीची किंमत इतरांच्या लेकरांनी मोजावी, हे मला पटत नाही.

ऑस्ट्रेलियाने दुसरी वाट धरली. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर सगळ्या राज्यांनी मिळून नियम कडक केले आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथल्या शेतकऱ्याला आजही खऱ्या कारणासाठी बंदूक मिळते, पण कारण दाखवावं लागतं. न्यूझीलंडने मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं गेल्यावर महिन्याभरात बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आणली.

आपल्या संविधानात शस्त्राचा हक्क नाही का?

नाही. कलम १९ मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आहे, तोही शांततेने आणि विनाशस्त्र. हे आपोआप झालं नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केलं होतं, त्याचा सल मोठा होता. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत आपल्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून गेलेले ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती संमत झाली नाही. बंदूक ही परवान्याची बाब राहिली ती विचार करून.

घरात बंदूक असली तर धोका कोणाला?

घरातल्यांना. माझ्या विरोधाचं खरं कारण हेच आहे.

अमेरिकेत दरवर्षी बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. बातमीत शाळेतला गोळीबार येतो, पण मोठा आकडा बंद खोलीतला असतो. आता आपल्या घरांकडे पाहा. कर्ज, नापिकी, कापसाचा पडलेला भाव, सावकाराचा फोन. विदर्भात किती कुंकवं यात पुसली गेली, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको. ज्या घरात कीटकनाशक आधीच आहे, त्या घरात आपण आणखी एक तसंच साधन नेऊन ठेवतो आहोत का, हा प्रश्न परवाना मागणाऱ्या बापाने स्वतःला विचारावा, आणि त्याच्या बायकोने तर आवर्जून विचारावा.

जीव देण्याचा विचार पुष्कळदा काही घटकांपुरता तीव्र असतो. तेवढा वेळ साधन हाताशी नसलं तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली, तेव्हा तिथलं आत्महत्यांचं प्रमाण काही दशकांत दोन तृतीयांशाहून जास्त उतरलं. शेती बुडाली नाही. साधन लांब ठेवल्याने जीव वाचतात, याचा इतका ठळक पुरावा दुसरा मला माहीत नाही.

घरात परवान्याची बंदूक असेलच तर ती रिकामी, कुलपात, आणि काडतुसं दुसऱ्या जागी ठेवा. घरातला कोणी गप्प झाला असेल, जेवत नसेल, हिशेबाचे कागद पुन्हा पुन्हा काढून बसत असेल, तर बंदूक काही दिवसांसाठी ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते का ते विचारा. फवारणीचं औषधही कुलपात जाऊ द्या. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.

वडील वारले. त्यांच्या नावची बंदूक घरी आहे. मी ठेवू का?

त्यांच्याबरोबर परवाना संपला. उशीर न करता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारस म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा.

छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो का?

नळीचं माप ०.१७७ इंचापेक्षा किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर लागतो. लहान असेल तर नाही, पण तिने मोर, होला, तितर मारणं हा वन्यजीव कायद्याचा गुन्हा आहेच. पोरांच्या हातात देऊ नका.

वरातीत हवेत बार, वाढदिवसाला तलवारीने केक. यात काय एवढं?

हवेत गेलेली गोळी खाली येते. बेदरकारपणे आनंदाचा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तलवारीच्या केकवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, आणि पुरावा म्हणून तुमचाच व्हिडिओ वापरला जातो.

बंदूक नाही तर मग पीक वाचवायचं कसं?

आधी काय करू नये ते. लाइनवर आकडा टाकून तारेत थेट प्रवाह सोडू नका. आपल्याकडे या तारांनी वाघ मेले, बैल मेले, आणि शेजारचा पाणी ओलायला आलेला माणूसही मेला. अशा वेळी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. डुकरासाठी कणकेत गुंडाळून ठेवलेला गावठी बॉम्बही तसाच. तो गाय चावते.

सौर ऊर्जेवरची झटका मशीन वेगळी. ती क्षणभराचा झटका देते, जीव घेत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. एकट्याचं वावर कुंपलं की डुकरं शेजारी जातात, म्हणून शिवाराच्या जंगलाकडच्या बाजूला सलग कुंपण मागा. नुकसान झालं की सकाळीच फोटो काढा, वनरक्षकाला कळवा आणि लेखी अर्जाची पोच घ्या. पंचनाम्याला वन, महसूल आणि कृषी या तिन्ही खात्यांची माणसं लागतात आणि तिथेच दिवस जातात. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. माणूस दगावला तर कुटुंबाला राज्य सरकारकडून २५ लाखांची मदत आहे.

ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे. काय लिहावं?

"बंदुकीचे परवाने द्या" एवढ्या एका ओळीचा ठराव फाइलीत जातो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी गट क्रमांक लिहा, कोणत्या महिन्यात कोणत्या पिकाचं किती नुकसान झालं ते लिहा, पंचनाम्याला किती दिवस लागले ते तारखांसह लिहा. मग मागण्या : वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाने स्वतःच्या पथकाकडून डुकरांचा बंदोबस्त करावा, जंगलालगत सलग सौर कुंपण द्यावं, पंचनामा ठराविक दिवसांत व्हावा, उशीर झाला तर कारण लेखी द्यावं. गावात कोणाला भरमार जमा करायची असेल तर त्यासाठी ठाण्याने एक दिवस गावात येऊन बसावं, हीही मागणी त्यातच टाका. ठरावावर बायांच्या सह्या घ्या, रात्री जागलीवर गेलेल्या माणसाची वाट त्याच पाहतात. प्रत वनपरिक्षेत्र अधिकारी, तहसीलदार, पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी यांना द्या, आणि चारही ठिकाणी शिक्क्यासह पोच घ्या.